ओल भिंतीत नाही, गल्लीत आहे

पारोळ्याच्या आमच्या घराचं तळघर दोनदा 'दुरुस्त' झालंय. दोन्ही वेळा गवंड्याचा उपाय एकच, "सिमेंट मारून देऊ भो, पाणी शिरणारच नाही." पैसे नानांच्या पेन्शनमधले. ओल मात्र गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढली. आता दादा म्हणतो, पाडूनच टाकू.

माझं मत उलटं आहे. रूट कॉज न शोधता पॅच मारला आणि त्या पॅचनेच बग वाढवला!

आपल्याकडची जुनी घरं बरीचशी मातीत बांधलेल्या विटांची, वर चुन्याचा गिलावा. वीट जमिनीतलं पाणी वर ओढते, दिव्यातल्या वातीसारखं. चुना ते हवेत सोडतो. सिमेंट सहजासहजी सोडत नाही. मग अडलेलं पाणी आणखी वर चढतं, सोबतचे क्षार गिलाव्यामागे साचतात आणि पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

पण मुळात पाणी येतं कुठून? गल्लीतला रस्ता दर वेळी जुन्यावरच नवा थर टाकून झाला. माझ्या लहानपणी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरलीये. म्हणजे पावसाचं पाणी थेट आमच्या पायाशी. भरीला गच्चीचा पाइपही तिथेच सुटतो. यात सिमेंट काय करणार, कपाळ?

एक सोपी टेस्ट सांगतो. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. दोन-तीन दिवसांनी मागच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतून, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतात तसे. आमच्याकडे दोन्ही निघालं. कारण उंदीर आणि धूळ नको म्हणून कधीतरी झरोके विटांनी बुजवले होते.

म्हणून क्रम असा हवा: आधी पाइप लांब न्यायचा आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार द्यायचा. मग सिमेंट खरवडून भिंत वाळू द्यायची. चुना सगळ्यात शेवटी. झरोके जाळी लावून उघडायचे, फक्त अगदी दमट दिवसांत बंद ठेवायचे. आणि हो, भिंत वाळली की उष्णताही कमी आत येते, कारण ओली वीट ऊन लवकर आत पोचवते.

हा नुसता गिलाव्याचा प्रश्न नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नाना दुपारी तळघरातच झोपतात, कूलरशिवाय. अशी खोली स्लॅबच्या घरात कुठून आणणार? पण ओलीत बुरशी येते, आणि ओल-बुरशीचा दम्याशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये सांगितलंय. नानांचा खोकला पाहता टाळाटाळ परवडणारी नाही.

असो. दादाकडे एकच उन्हाळा मागितलाय. खान्देशातलं ऊन म्हणजे फुकटचा ड्रायर, भिंती उघड्या ठेवून बघू. पाडायला काय, दोन दिवस पुरतात.