तू कुठला?



इंग्रजीत 'कम' म्हणजे येणे आणि 'फ्रॉम' म्हणजे हून किंवा पासून. हे आपल्या सगळ्यांना येतं. पण हे दोन शब्द एका प्रश्नात आले की मजा होते. 'व्हेअर डू यू कम फ्रॉम?' असं कोणी विचारलं तर तू आत्ता कुठनं आलास, असा त्याचा अर्थ नसतो. तू कुठला, तुझं गाव कोणतं, असा असतो. म्हणून उत्तर 'आय कम फ्रॉम बीड' असं द्यायचं. 'आय केम फ्रॉम बीड' म्हटलं तर नुसतं बीडहून आलो, प्रवास झाला, एवढंच वाटतं. मला हे फार आवडलं. कारण प्रवास संपतो, पण आपलं गाव संपत नाही.

शब्दांनासुद्धा गाव असतं. चावी, पाव, बटाटा हे शब्द पोर्तुगीज भाषेतले. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्यामुळं ते शब्द आपल्याकडं आले. आता आजीपण चावीच म्हणते. तिला तो शब्द परका वाटत नाही. आणि आपला मुंगूस इंग्रजीत गेला. इंग्रज त्याला 'मंगूस' म्हणतात. म्हणजे शब्द येतात तसे जातात पण.

मग माणसांचं काय? दिवाळीनंतर आपल्या शाळेत ऊसतोडीची मुलं येतात. त्यांचे आईवडील पहाटे थंडीत फडात जातात. काहीजण त्या मुलांना 'ए कोपीवाल्या' म्हणून हाक मारतात. हे बरोबर नाही. कोपी चार-पाच महिन्यांची असते. ते त्यांचं गाव नव्हे. त्यांना गाव आहे, घर आहे, शाळा आहे आणि नावपण आहे.

म्हणून मला असे वाटते की, नवीन मुलगा आला की आधी नाव विचारावे, मग गाव विचारावे. पण ते ओळख व्हावी म्हणून विचारावे, चिडवायला नको. वर्गातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर त्याच्या गावाजवळ खडूने टिंब द्यावे. त्याच्या बोलीतले दोन शब्द फळ्यावर लिहावेत. चावीला आपण घरात घेतलं, मग त्याला आपल्या बाकावर घ्यायला काय हरकत आहे?

असे माझे मत आहे. तुमचे मत पुढच्या अंकात लिहा.

— इयत्ता ४ थी