टेबलावर की टेबलाखाली?



चोख व्यवहाराला इंग्रजीत 'अबव्ह बोर्ड' म्हणतात. बोर्ड म्हणजे इथं फळा नव्हे, टेबल. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर असले की सगळ्यांना दिसतात, खाली गेले की पान बदललं जातं. सुमारे 400 वर्षांपूर्वी हा शब्द पत्त्यांच्या डावातून रोजच्या बोलण्यात आला. 'अंडर द टेबल' ही त्याची उलटी बाजू. ती आपण इतकी आपली करून टाकली की 'टेबलाखालून किती?' हे विचारायला साताऱ्यात कुणाला इंग्रजी यावं लागत नाही.

आपल्याकडं टेबल नव्हतं, टॉवेल होता. खरसुंडी, म्हसवड किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार बैलाचा सौदा बघितला असेल. दोघांचे हात टॉवेलखाली, बोटं दाबून किंमत ठरते, शेजारच्याला पत्ता लागत नाही. मला ही पद्धत मुळात लबाडीची वाटत नाही, कारण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला आकडा माहीत असतो. गोची होते मधे हेडी आला की. त्यानं घेणाऱ्याकडून 65 हजार ठरवले आणि मालकाला 60 सांगितले, तर मधले पाच मालकाला कळणार कसे? सांगलीत हळदीचे सौदे उघड बोलीनं होतात ते यासाठीच. माल ज्याचा, त्याला बोली कानानं ऐकता येते.

आता तुमचं बघा. मिरजेत मसाल्याचा धंदा सुरू केलाय. हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, "ऑर्डर देतो, किलोमागं 10 रुपये माझे." धंद्यात चालतंच, असं सांगणारे भरपूर भेटतील. मी म्हणतो, आधी हिशोब घाला. किलोला 30 सुटत असतील तर 20 उरले. त्या दहाची पावती नाही, खर्चात दाखवता येत नाहीत, म्हणजे कागदावर तुमचा नफा 30 च. कर तुम्हीच भरा! आणि उद्या कुणी 12 देऊ केले की ऑर्डर तिकडं.

दर कमी करायचाच असेल तर मालकासाठी करा आणि बिलावर 'सूट' म्हणून लिहा. बिलात दाखवलेली सूट वजा करूनच जीएसटी लागतो. मालक भेटत नाही म्हणता? दुपारी तीन-चारला जा. जेवणाची गर्दी संपलेली असते, तेव्हा ते गल्ल्यावर निवांत भेटतात.