‘प्रमाण’ वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

‘मराठीत गणित बोलता येत नाही’ हे वाक्य माझ्या पिढीतले लोक, त्यातही आम्ही इंजिनिअर, फार सहज फेकतो. पुरावा म्हणून ‘प्रमाण’ हा शब्द पुढे केला जातो. इंग्रजीत रेशो, रेट, प्रपोर्शन असे वेगळे शब्द, आणि आपल्याकडे सगळ्याला एकच. मिठाचं प्रमाण, गुन्ह्यांचं प्रमाण, स्त्रियांचं प्रमाण.

तक्रार अर्धी खरी आहे, पण आरोपी चुकीचा पकडलाय.

बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात ‘गुणोत्तर व प्रमाण’ असा अख्खा धडा आहे. भागाकारानं तुलना केली की गुणोत्तर, दोन गुणोत्तरं समान असली की त्या संख्या प्रमाणात. शिवाय दर, शेकडा, वाटा हे शब्द आहेतच. बटईनं जमीन कसणाऱ्याला वाटा आणि दर यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. त्याही मागे गेलं तर त्रैराशिकात ‘प्रमाण’ हा काटेकोर शब्द होता. पाच रुपयांना तीन आंबे, तर वीस रुपयांना किती? इथे पाच हे प्रमाण, तीन हे फल आणि वीस ही इच्छा. (मागितलेल्या राशीला ‘इच्छा’ म्हणणारी भाषा मला कोणत्याही प्रोग्रॅमिंग लँग्वेजपेक्षा सुंदर वाटते, पण ते असो.)

आणि इंग्रजी तरी कुठे सोवळी आहे? प्रपोर्शन म्हणजे एकूणातला वाटाही आणि दोन गुणोत्तरांची समानताही. रेशो आणि रेट तर लॅटिनमधल्या हिशेब करण्याच्या एकाच क्रियापदातून आलेत. आपलं रेशनकार्डही त्याच घरातलं. फरक इतकाच की इंग्रजीत अहवाल लिहिणारा निदान ठरवतो की मी काय मोजतोय. आपल्याकडे बातमी लिहिणारा ते ठरवायच्या आधीच ‘प्रमाण’ लिहून मोकळा होतो.

‘अपघातांचं प्रमाण वाढलं.’ खाली बातमी वाचा, तर फक्त अपघातांची संख्या वाढलेली असते. रस्त्यावरच्या गाड्या किती वाढल्या, पत्ता नाही. छेदच गायब! आमच्या कामात कुणी ‘एरर रेट दुप्पट झाला’ म्हणालं की पहिला प्रश्न असतो, रिक्वेस्ट किती वाढल्या? त्याही दुप्पट असतील तर रेट होता तिथेच आहे.

‘राज्यात स्त्रियांचं प्रमाण ९२९.’ २०११च्या जनगणनेतला हा आकडा दर १००० पुरुषांमागे आहे. म्हणजे हे गुणोत्तर झालं. लोकसंख्येतला स्त्रियांचा वाटा होतो साधारण ४८.२ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत हेच गुणोत्तर उलटं, म्हणजे १०० स्त्रियांमागे पुरुष असं मांडतात. तिथे आपला आकडा १०८च्या आसपास येईल. इथे आकडा वाढला तर चांगलं, तिथे वाढला तर वाईट. ‘प्रमाण’ म्हटल्यावर यातलं काहीच कळत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ओघात समजतं की.’ नाही समजत. रेपो रेट मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. तो ‘अडीच टक्क्यांनी वाढला’ की साडेबासष्ट टक्क्यांनी? पहिलं म्हणायचं असेल तर ‘अडीच टक्के-अंकांनी’ म्हणा. एक शब्द जास्त लागतो, बस.

सगळ्यांत जास्त राग मला येतो तो मातामृत्यूंच्या बाबतीत. देशाची नमुना नोंदणी पद्धती, म्हणजे एसआरएस, याचे दोन वेगळे आकडे देते. एक गुणोत्तर, म्हणजे दर लाख जिवंत जन्मांमागे किती मातांचा मृत्यू झाला. २०१८-२० मध्ये देशात ते ९७ होतं, महाराष्ट्रात ३३. दुसरा दर, म्हणजे १५ ते ४९ वयाच्या दर लाख स्त्रियांमागे किती मृत्यू. मराठीत दोन्हींचं सर्रास ‘मातामृत्यू दर’ होतं.

बायकांना मुलं कमी होऊ लागली की दुसरा आकडा आपोआप उतरतो, मग प्रसूतिगृहात रक्ताची पिशवी वेळेवर पोचो न पोचो. पहिला उतरवायचा असेल तर ती पिशवी पोचावीच लागते. ‘मातामृत्यूंचं प्रमाण घटलं’ असं म्हणत कुणी पाठ थोपटून घेतली, तर त्यानं यांपैकी काय केलं, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही.