संत्र्याचे झाड आणि कराराची मुदत

व्यापारी करारांच्या वाटाघाटी दिल्लीत होतात, बँकॉकमध्ये होतात. त्यांच्या मसुद्यात लोधीखेड्याचे नाव शोधूनही सापडणार नाही. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या अलीकडे हे गाव लागते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, 2023 साली त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु येथील घराघरांतील बोली मराठी आहे आणि शिवारातील पिकेही शेजारच्या विदर्भाचीच, संत्रे आणि कापूस. किनाऱ्यावरील वाचकाने या दूरच्या गावाची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मोठे प्रादेशिक करार नव्या शोधांना चालना देतात की त्यांचा गळा घोटतात, या प्रश्नाची कसोटी अशा बागांतच लागते. आणि तेथे जो निवाडा होईल तो आमच्या मिरीच्या वेलाला नि सुपारीच्या बागेलाही लागू पडेल.

करारांचे पुरस्कर्ते म्हणतात की, जकातीच्या भिंती उतरल्या म्हणजे स्पर्धा येते, स्पर्धेने उत्पादक जागा होतो आणि मोठी बाजारपेठ लाभली की संशोधनावरचा खर्च भरून निघतो. कारखानदारीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. जुने यंत्र मोडीत काढून नवे बसविता येते. फळबागेचे गणित मात्र निराळे. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिल्या फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते, आणि एकदा उभी राहिलेली बाग बागायतदाराला पुढे कित्येक वर्षे बांधून ठेवते. नवा वाण निवडून, तपासून शेतकऱ्याच्या हाती देण्यास तर त्याहूनही अधिक काळ लागतो. कराराची मुदत सह्यांच्या तारखेपासून मोजली जाते. झाड आपल्या बहरानेच चालते. या दोन कालगणनांचा मेळ न बसणे हेच खरे दुखणे आहे.

4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे भारताने ‘आरसेप’ या अवाढव्य प्रादेशिक करारातून अंग काढून घेतले. उरलेल्या पंधरा राष्ट्रांनी 15 नोव्हेंबर 2020 रोजी त्यावर सह्या केल्या व 1 जानेवारी 2022 पासून तो अंमलात आला. त्यात संत्रावर्गीय फळांचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक चीन आहे आणि ऑस्ट्रेलियाही आहे. भारताची माघार त्या वेळी योग्यच होती, असे आम्ही मानतो. परंतु माघारीने धोका टळत नाही, केवळ उसंत मिळते. ती उसंतही फार टिकली नाही. ऑस्ट्रेलियाशी झालेला स्वतंत्र करार 29 डिसेंबर 2022 रोजी लागू झाला. त्यान्वये 13,700 टनांपर्यंतच्या संत्रावर्गीय फळांवरील आयातशुल्क 30 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आले आणि 51,000 टन कापसाला शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. लोधीखेड्याची दोन्ही पिके एकाच करारात सापडली.

तथापि आक्रोश करण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहावी. तो कापूस लांब धाग्याचा आहे आणि आपल्या गिरण्यांना त्याची गरज आहे. ऑस्ट्रेलियाची संत्री मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात येतात. आपला आंबिया बहर दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहर फेब्रुवारी-मार्चात बाजार गाठतो. म्हणजे समोरासमोर टक्कर नाही. धोका आहे तो अधिक सूक्ष्म आहे. बिनबियांचे, एकसारख्या आकाराचे, नीट वेष्टन केलेले फळ शहरातील गिऱ्हाइकाच्या जिभेला एक सवय लावते. आणि बदललेली आवड शुल्क वाढवून परत आणता येत नाही.

आमचे नागपुरी संत्रे स्वादाला कोणास हार जाणारे नाही. त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु बिया भरपूर, साल सैल आणि टिकाऊपणा कमी, हे दोष जुनेच आहेत. बांगलादेशाची हुकमी पेठ जवळ होती, तेथे आहे तसा माल खपत होता, म्हणून बदलाची निकड कोणास भासली नाही. 2019 मध्ये किलोमागे 20 टका असलेले तेथील आयातशुल्क 2023 पर्यंत 88 टक्यांवर गेले आणि बागायतदाराच्या पायाखालची वाळू सरकली. महाराष्ट्र शासनाने निर्यात अनुदान जाहीर केले. ते त्या हंगामाचे मलम होते, रोगाचे औषध नव्हे. एकाच वाणावर आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबणारा शेतकरी करार झाला तरी बुडतो आणि न झाला तरी बुडतो.

किनाऱ्यास हा अनुभव नवा नाही. मिरी ही सह्याद्रीची लेक. पण आज तिच्या उत्पादनात व्हिएतनाम जगात पहिला आहे. श्रीलंकेशी 2000 साली व आसियान राष्ट्रांशी 2010 साली अंमलात आलेल्या करारांनंतर बाहेरची मिरी आत येऊ लागली, काही तर श्रीलंकेच्या नावाने आली. अखेर डिसेंबर 2017 मध्ये सरकारला किलोमागे 500 रुपये किमान आयातमूल्य ठरवावे लागले. त्या निर्णयाने बाजारभावास आधार मिळाला, हे मान्य. पण वेलास एक घोस अधिक लागला नाही. संरक्षण म्हणजे प्रगती नव्हे, संरक्षण म्हणजे प्रगतीसाठी दिलेली मुदत होय.

या मुदतीत शोध कोणी लावायचे आणि त्यांची मालकी कोणाची, हा पुढचा प्रश्न. कॅलिफोर्निया विद्यापीठाने डोळ्यांवर किरणांचा मारा करून ‘टँगो’ हे बिनबियांचे संत्रे सिद्ध केले. त्याचे स्वामित्व राखीव असून लागवडीस परवाना लागतो. आरसेपच्या वाटाघाटींत जपान व दक्षिण कोरिया यांनी वाणांच्या मालकीचे असेच कडक नियम पुढे केले होते, हे फुटलेल्या मसुद्यांवरून दिसून आले. आपल्या 2001 च्या कायद्याने पैदासकाराचा हक्क मानला आहे, आणि त्याबरोबरच बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा व छापील नाममुद्रेशिवाय विकण्याचा शेतकऱ्याचा हक्कही मानला आहे. हा समतोल आम्हास मोलाचा वाटतो. शेजाऱ्याच्या बागेतील उत्तम झाडाची काडी आणून डोळा बांधणे, हीदेखील संशोधनाची एक परंपरा आहे. तिला गुन्हा ठरविणारे कलम कोणत्याही सवलतीच्या बदल्यात स्वीकारू नये.

पण हक्क राखून स्वस्थ बसणे हाही अपराधच ठरेल. कोकण कृषी विद्यापीठाने रत्ना दिला, पातळ कोयीचा सिंधू दिला; वेंगुर्ल्याच्या काजूच्या वाणांनी बागा बदलल्या. ही कामे सार्वजनिक पैशांतून, दीर्घकाळच्या चिकाटीने झाली. नागपुरात 1985 पासून लिंबूवर्गीय फळांचे संशोधन चालू आहे, बिनबियांची निवडही तेथे झाली आहे. परंतु निरोगी, खात्रीचे कलम प्रत्येक बागेपर्यंत पोचल्याखेरीज तिचा उपयोग नाही. डिंक्याने पोखरलेल्या बागेला दिल्लीतील वाटाघाटी वाचवू शकत नाहीत. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये रोगमुक्त कलमांसाठी 1,765.67 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे आम्ही स्वागत करतो. तिचा लाभ राज्याच्या सीमेपाशी अडता कामा नये. लोधीखेड्याची बाग नागपूरच्या संशोधनाच्या हाकेवर आहे आणि तिचे शासन भोपाळला. डिंक्याला ही सीमा ठाऊक नाही.

सबब आमची सूचना साधी आहे. यापुढे कोणत्याही करारात फळपिकांवरील शुल्क उतरविण्याचा कालखंड त्या झाडाच्या वयाकडे पाहून ठरवावा, आणि सह्या होतील त्याच दिवशी त्या पिकाच्या संशोधनासाठी व रोपवाटिकांसाठी किती पैसा राखून ठेवला, हे सरकारने संसदेला सांगावे. असे घडले तर करार हा शेतकऱ्याला जागे करणारा कोंबडा ठरेल. तसे न घडले, तर मुदत संपेल आणि लोधीखेड्याच्या बागेत तेच कलम, तोच डिंक्या आणि तीच बियांनी भरलेली फोड शिल्लक राहील. त्या दिवशी दोष ऑस्ट्रेलियाला देता येणार नाही.