तळ्यावरून नदीवर

कॅनडातला भाचा बर्फाला भोक पाडून मासा धरल्याचा व्हिडिओ पाठवतो. मार्च-एप्रिलमध्ये तो बर्फ जाड दिसला तरी ठिसूळ होतो, मग तिकडचे लोक नदीकडे वळतात. भिलाईत बर्फ नाही, पण होळीच्या सुमारास तळ्यावरचा गळ उचलून शिवनाथवर जाणारे तुमच्याही घरात असतील.

थंडीत मासा सुस्तावतो, कमी खातो. तळ्यात गांडुळाचा छोटा तुकडा पुरतो. ऊन वाढले की रोहू खायला लागतो. नदीसाठी कणकेचा गोळा घट्ट मळा, दोरीला शिसे थोडे जास्त लावा, नाहीतर धार सगळे वाहून नेते. गळ टाकायचा तो धार मंदावते तिथे, डोहाच्या कडेला.

माझी काळजी मात्र मुलांची. दुर्गच्या महमरा एनीकटसारख्या ठिकाणी पाणी उथळ दिसते, पण शेवाळावरून पाय सटकतो. वाळू उपसलेली असेल तिथे गुडघाभर पाण्यापुढे एकदम खड्डा लागतो. त्यांना काठावरूनच गळ टाकू द्या, गळ अडकला तर दोरी तोडा, पाण्यात उतरू नका. (रिकाम्या हाताने परतलात तर बाजार आहेच, घरी कोण विचारतंय!)

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. जायचे तर आत्ताच जा.