दहा माणसांचा नियम आणि विहाराचे कुलूप

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशिम) : वर्गणी काढून, श्रमदान करून आपण गावोगावी विहार बांधले. पण 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन सोडला तर यातले किती विहार उघडे असतात? किन्हीराजासारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहताना मराठीच बोलणारा एक अगदी लहान समाज आठवतो. तो म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजेच मराठी ज्यू.

2016 मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात ते जेमतेम अडीच हजार होते. 2011 च्या जनगणनेत राज्यातील बौद्धांची संख्या 65 लाखांवर आहे. मग इतका छोटा समाज आपली ओळख कशी टिकवून आहे?

हे लोक रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहीमकर, दिवेकर, पेणकर ही आडनावे गावांवरून आलेली. 1796 मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे अलिबाग, पुणे अशा ठिकाणीही सिनेगॉग झाले.

सिनेगॉग म्हणजे केवळ प्रार्थनेची जागा नव्हे. तिथे धर्मग्रंथाचे वाचन होते, सण साजरे होतात, सुखदुःखाला माणसे जमतात. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो सर्वांसमोर ग्रंथ वाचतो. परंपरेप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. यात स्त्रियांची गणती होत नाही, हा दोष आहेच. पण नियमाचा गाभा मोलाचा आहे : आपण गेलो नाही तर काम अडेल, ही जाणीव प्रत्येकाला असते.

दुसरी गोष्ट भाषेची. 1874 मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रंगली. धर्म समजला पाहिजे, तर तो लोकांच्या भाषेत यायला हवा.

तिसरी गोष्ट शाळेची. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली. 1905 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन पुढे याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. समाज संख्येने मोठा होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मात्र हे चित्र निव्वळ गोड नाही. या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. कोचीनमध्ये तर काही ज्यूंना सिनेगॉगमध्ये बरोबरीने बसू दिले जात नव्हते. त्याविरुद्ध अब्राहम बराक सालेम यांनी सत्याग्रह केला. 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले, तर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्ने अडली. आपल्या मराठी माणसांनी आंदोलन केले आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने त्यांची बरोबरी मान्य केली. जातीचा वास धर्माच्या घरातही शिरतो. तो हाकलायला आतल्याच माणसांना उभे राहावे लागते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आज गाझातील संहारामुळे इस्रायलच्या सरकारवर जगभर रोष आहे आणि तो व्यक्त केलाच पाहिजे. पण एका राज्यकर्त्या सरकारचा राग अलिबागच्या मराठी ज्यू कुटुंबावर काढणे म्हणजे अन्यायच. समाज आणि सत्ता यांत फरक करणे हेही प्रबोधनच आहे.

आता आपल्याकडे पाहू. दर रविवारी विहारात जा, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते, ही चांगली प्रथा आहे. पण अश्विन पौर्णिमेनंतर ग्रंथ कपाटात जातो. तो कपाटाबाहेर राहावा यासाठी दहा जणांचा नियम आपणही लावू या, आणि त्यात बायाबापड्या, मुली, मुले सगळे मोजू या. रविवारी एक तास, एक पान वाचन, मग चर्चा. दहावी-बारावीच्या मुलांना अभ्यासाला बसायला तीच जागा. किल्ली एकाच पुढाऱ्याच्या खिशात न राहता दोन-तीन तरुण-तरुणींकडे असावी.

तिकडे दहा माणसे जमत नाहीत म्हणून काही सिनेगॉग शांत पडली आहेत. आपल्याकडे माणसे भरपूर आहेत, दार मात्र बंद आहे. ते उघडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. जय भीम.