ऊन आलं, ऊन आलं!

दोस्तांनो, जूनमध्ये पहिला पाऊस आला की तुम्ही काय करता, ते मला सांगू नका. मला माहीत आहे! दप्तर कोपऱ्यात, चपला दाराशी आणि तुम्ही अंगणात. आई आतून ओरडते, "सर्दी होईल!" आणि पाच मिनिटांनी तीच भज्यांसाठी कांदे चिरायला घेते. एरवी कुणाशी फारसं न बोलणारे शेजारचे काकासुद्धा गॅलरीत येऊन म्हणतात, "आला बुवा एकदाचा!"

आता असं समजा, की हे सगळं अगदी असंच घडतंय, फक्त पावसाच्या जागी ऊन आहे. भज्यांच्या जागी आइस्क्रीम आहे. महिना एप्रिलचा आहे आणि गाव आहे डब्लिन, आयर्लंडची राजधानी.

नकाशा उघडा बघू. युरोपच्या पश्चिमेला ब्रिटन दिसेल. त्याच्याही पलीकडे, अटलांटिक महासागरात पाय सोडून बसलेलं हिरवं बेट म्हणजे आयर्लंड. ईशान्येचा तुकडा ब्रिटनच्या राज्यात आहे, बाकीचा स्वतंत्र देश. आज आपली सफर या स्वतंत्र देशात.

आधी एक कोडं. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा डब्लिनला सबंध वर्षातही पडत नाही. डब्लिनचा वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटरच्या आसपास. मग आयर्लंड पावसाचा देश म्हणून का ओळखला जातो?

उत्तर सोपं आहे. आपला पाऊस पाहुण्यासारखा. जूनमध्ये येतो, चार महिने राहतो, घर डोक्यावर घेतो आणि निघून जातो. तिथला पाऊस म्हणजे शेजारी! केव्हाही डोकावणार. देशाच्या पूर्व किनाऱ्याला वर्षातले साधारण १५० दिवस पावसाचे, तर पश्चिमेला काही ठिकाणी सव्वादोनशेपर्यंत. पण तासाभरात पडून पडून किती पडणार, तर बहुधा एक-दोन मिलिमीटर. आपण ज्याला भुरभुर म्हणतो, तसा. अशा भुरभुरत्या दिवसाला तिथली माणसं लाडानं 'सॉफ्ट डे' म्हणतात, मऊ दिवस! सकाळी निळं आकाश, अकराला ढग, बाराला सर, साडेबाराला इंद्रधनुष्य. मे महिन्यात आपल्याला डोळे मिटून सांगता येतं, की उद्या ऊनच पडणार. तिथे असं छातीठोकपणे कुणाला सांगता येत नाही.

आणि मग कधी तरी वसंतात सलग चार-पाच दिवस, नशीब जोरावर असेल तर दहा-बारा दिवस, लख्ख ऊन पडतं. एप्रिलमध्ये डब्लिनचं दुपारचं तापमान एरवी १२-१३ अंश असतं. ते १८-१९ वर गेलं की झालं! एवढ्या थंडीत पुण्याची आजी कानाला मफलर गुंडाळते, पण डब्लिनची पोरं हाफ पॅंटी घालून बाहेर पडतात. जेवणाच्या सुटीत ऑफिसातली माणसं बूट काढून सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेतल्या गवतावर चक्क आडवी होतात. आइस्क्रीमच्या गाड्यांपुढे रांगा लागतात. तिथला लाडका प्रकार म्हणजे 'नाइन्टी-नाइन'. कोनात मऊ आइस्क्रीमचं शिखर आणि त्यात खोचलेली चॉकलेटची कांडी. या आकडेवाल्या नावाच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पण वितळणारं आइस्क्रीम हातात असताना त्या ऐकत कोण उभं राहणार?

धीट मंडळी समुद्राकडे जातात. डब्लिनजवळ सँडीकोव्ह इथे 'फॉर्टी फूट' नावाची खडकाळ जागा आहे. तिथून लोक समुद्रात उड्या मारतात. पाणी केवढं गार, तर साधारण दहा अंश! उडी मारणाऱ्याची किंकाळी आणि काठावरच्यांचं हसणं, दोन्ही एकदमच. ज्यांना एवढं धाडस नको, ते फिनिक्स पार्कला जातात. हे शहरातलंच उद्यान आहे, पण ७०७ हेक्टरांचं. १६६२ पासूनचं. तिथे सुमारे ६०० हरणं मोकळी फिरतात. हरणांना काही खायला घालू नका, असं सांगून सांगून उद्यानाची माणसं थकतात. (ही तक्रार ऐकल्यासारखी वाटते ना? आपल्याकडे घाटातल्या माकडांबद्दल हेच सांगावं लागतं.)

पण उन्हाचा खरा आनंद पाहायचा तर घरांच्या मागच्या परसात डोकवा. सगळीकडे दोऱ्या आणि दोऱ्यांवर कपडे! पावसाळ्यात आपल्याकडे शाळेचा गणवेश तीन-तीन दिवस वाळत नाही, त्याला तो कुबट वास येतो आणि शेवटी आई तव्यावर भाकरी भाजावी तशी इस्त्री फिरवत बसते. तिथे हे बाराही महिने चालू. म्हणून ऊन आणि वारा एकदम आला, की शेजारीण शेजारणीला हाक मारून म्हणते, "ग्रेट ड्राइंग!" म्हणजे आज कपडे काय मस्त वाळताहेत! हवेबद्दल इतकं मनापासूनचं कौतुक मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेलं नाही.

उन्हाबरोबर दुसरी भेट मिळते ती संध्याकाळची. डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे तिथले दिवस रबरासारखे ताणतात आणि आखडतात. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. मुलं शाळेतून घरी येतात न येतात तोच अंधार. मार्चच्या शेवटच्या रविवारी देशातली सगळी घड्याळं तासभर पुढे करतात आणि एका दिवसात संध्याकाळ एका तासानं लांबते. एप्रिल संपता संपता सूर्यास्त पावणेनऊच्या पुढे जातो, आणि त्यानंतरही आपल्यासारखा झटकन अंधार होत नाही, उजेड रेंगाळत राहतो. लोक एकमेकांना सांगतात, "ग्रँड स्ट्रेच इन द इव्हिनिंग!" संध्याकाळ छान लांबलीय, हं! आता कल्पना करा, रात्रीचे साडेआठ वाजलेत, जेवण झालंय, गृहपाठ झालाय आणि बाहेर अजून क्रिकेट खेळण्याइतका उजेड आहे. तिथली मुलं अर्थात हर्लिंग खेळतात, लाकडी काठी आणि टणक चेंडू घेऊन.

शहराबाहेर पडलात तर डोंगर पिवळेजर्द दिसतील. हे गॉर्सचं झुडूप. काटे असे, की हात लावायची सोय नाही. पण उन्हात त्याची फुलं तापली की वास कसला येतो, सांगा? ओल्या खोबऱ्याचा! कोकणातल्या मुलाला डोळे बांधून होथच्या कड्यावर नेऊन उभं केलं, तर तो म्हणेल, नारळाच्या वड्या कुठे ठेवल्यात? (हेच झुडूप इंग्रजांनी निलगिरीच्या डोंगरांत आणलं. तिथे आता ते नकोसं तण होऊन बसलंय.) त्याच सुमाराला तारांवर माळभिंगऱ्या दिसू लागतात. आपल्याकडे हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीनं बसतो तोच हा पक्षी. पण आयर्लंडच्या माळभिंगऱ्या हिवाळा काढतात पार दक्षिण आफ्रिकेत, आणि एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडून परत येतात.

ऊन म्हणजे नुसती मजाच असं मात्र समजू नका. पश्चिमेकडच्या खेड्यांत हे दिवस कामाचे. तिथे बॉग नावाची काळी, भिजलेली, पायाखाली हलणारी जमीन असते. हजारो वर्षं शेवाळ साचत साचत, वर्षाला साधारण एक मिलिमीटर या हिशेबानं, ती वाढलेली. तिच्यातून विटांसारखे तुकडे कापून काढतात. त्यांना टर्फ म्हणतात, आणि वाळल्यावर ते चुलीत जाळतात. कापणी आता बहुतेक यंत्रानं होते, पण वाळवणं मात्र वारा आणि उन्हाच्याच हाती. तुकडे आधी जमिनीवर पसरायचे. थोडे घट्ट झाले की पाच-सहा तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे मधून वारा खेळतो. या कामाला घरातली पोरंटोरंही येतात. पाठ मोडून जाते, हात काळे होतात आणि मग दलदलीच्या काठावर बसून किटलीतला चहा आणि सँडविच. आपल्या खेड्यांत पावसाआधी गोवऱ्या वाळवून रचून ठेवतात ना, अगदी तशी घाई. एक आठवडा ऊन हुकलं, तर हिवाळ्यात चूल धुमसणार. अर्थात आता पुष्कळ बॉग संरक्षित आहेत. धूर आणि निसर्गाची हानी यांमुळे टर्फ जाळणं कमी होत चाललंय, आणि ते बरंच आहे. पण म्हाताऱ्या माणसांना त्या धुराचा वास आला की लहानपण आठवतं म्हणे.

हे ऊन येतं तरी कुठून? एरवी अटलांटिकवरून पश्चिमेचे वारे ढगांच्या गाड्यांमागून गाड्या आणत असतात. कधी कधी आयर्लंडच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा ठाण मांडून बसतो आणि त्या गाड्या दुसऱ्या रुळावर वळतात. मग वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येऊ लागतो. जमीन ओलांडता ओलांडता तो तापतो. त्यामुळे गंमत अशी होते, की एरवी सर्वांत ओला असणारा पश्चिम भागच सर्वांत गरम होतो! ३० एप्रिल २०२५ ला गॉलवे परगण्यातल्या ॲथनराय इथे २५.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि एप्रिल महिन्याचा तोवरचा उच्चांक मोडला. आधीचा २५.८ अंशांचा उच्चांक १९८४ सालचा, तोही पश्चिमेकडच्याच डॉनिगॉल परगण्यातला. मुंबईच्या मुलांना हे लगेच कळेल. मार्चमध्ये पूर्वेचा वारा समुद्रावरच्या वाऱ्याला अडवून धरतो, तेव्हाच मुंबई भाजून निघते ना? तीच युक्ती, फक्त त्यांचं 'भाजणं' आपल्या महाबळेश्वरच्या हवेइतकं!

पण या उन्हाची एक बाजू काळजीची आहे. काही दिवस पाऊस नाही आणि कोरडा पूर्वेचा वारा, म्हणजे गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत आणि तेलकट गॉर्स पेटायला तयारच. आणि ते बहुतेक वेळा पेटतं माणसाच्याच हातून. कुणी रान साफ करायला काडी लावतो, कुणी सहलीची शेगडी तशीच टाकून जातो. एप्रिल २०२१ मध्ये किलार्नीच्या राष्ट्रीय उद्यानाला अशी आग लागली. विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. तरी अडीच-तीन हजार हेक्टर जळाले, म्हणजे उद्यानाचा जवळजवळ पाव हिस्सा. वसंत म्हणजे पक्ष्यांच्या घरट्यांचे दिवस. उडता येणारे उडाले. अंडी आणि पिलं कुठे जाणार? तिथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट रानातली झाडं-गवत जाळायला कायद्यानं बंदी आहे, तरी असं घडतं.

एवढं सगळं असूनही आयरिश माणूस उन्हावर पुरता विश्वास मात्र ठेवत नाही. त्याच्या आजीनं त्याला पट्टेरी गाईची गोष्ट सांगितलेली असते. मार्च संपला तेव्हा एक म्हातारी पट्टेरी गाय ऐटीत म्हणाली, "गेला एकदाचा मार्च! माझं काय वाकडं केलंन?" मार्चनं ते ऐकलं. तो तडक एप्रिलकडे गेला, त्याच्याकडून काही दिवस उसने घेतले आणि असा वारा, असा पाऊस सोडला, की गाय बिचारी जिवाला मुकली. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला हवा बिघडली, की त्या दिवसांना 'पट्टेरी गाईचे दिवस' म्हणतात. मार्चनं ते दिवस परत केले की नाही, हे गोष्टीत नाही. शेजारी गेलेली साखरेची वाटी तरी कुठे परत येते?

आता तुमच्या जिव्हाळ्याचा विषय. आयर्लंडमध्ये शाळेची शेवटची मोठी परीक्षा म्हणजे लीव्हिंग सर्ट. आपल्या बारावीसारखी. तिच्या गुणांवर कॉलेजातला प्रवेश ठरतो, म्हणजे घरात तेच वातावरण, तीच कुजबुज, तोच बंद टीव्ही. ती सुरू होते जूनच्या पहिल्या आठवड्यात. आणि तिथल्या लोकांची पक्की खात्री आहे, की मे महिना कसाही जावो, मुलं पेपर लिहायला बसली की आकाश निळंशार होणारच! त्या हवेला नावच पडलंय, 'लीव्हिंग सर्ट वेदर'. धाकटी भावंडं समुद्रावर, आईबाबा बागेत आणि ताई खिडकीशी पुस्तक घेऊन. काही जणी पुस्तक बागेत नेतात, पण पांढऱ्या पानावर ऊन इतकं चमकतं, की अक्षरच दिसत नाही. म्हणून मग पुस्तक मिटून तोंडावर घ्यायचं आणि पाच मिनिटं, फक्त पाचच मिनिटं पडायचं.

आपल्या दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या आणि थंडी सरण्याच्या दिवसांत. तुमच्या घरी किंवा गावात या परीक्षेच्या हवेला काही नाव आहे का? असेल तर मला कळवा.